दुधाचं दार

१

रविवारी सकाळी आई आणि मी अपार्टमेंटच्या तळघरात कपडे धुवायला जायचो, आणि बाबा वर बसून वर्तमानपत्रातल्या घरांच्या जाहिरातींना लाल पेनने गोल करायचे. दुपारी दोन ते चार ओपन हाउस असायचं, म्हणजे विकायचं घर कुणीही आत येऊन बघावं. आम्ही जायचो, दारात बूट काढायचो, एजंट बाई राहू द्या म्हणाल्या तरी काढायचो, आणि लोकांच्या घरांतून मोज्यांवर फिरायचो. बाबा नळ सोडून बघायचे. आई ओट्यावरून हात फिरवायची. मी कपाटं उघडायचे.

माझं नाव उपासना. मी पंधरा वर्षांची आहे. माझ्या रिपोर्ट कार्डवर दर वेळी एकच वाक्य असतं, की हिने वर्गात हात वर करायला हवा. मला बोलण्यापेक्षा बघायला आवडतं. आणि जे बघितलं ते आठवणीत नीट राहतं, म्हणून हे मी लिहू शकते आहे.

१९९६च्या सप्टेंबरात युनिव्हर्सिटीतल्या मातीच्या लॅबमधली बाबांची नोकरी पक्की झाली. स्टेट कॉलेज नावाच्या या गावात आम्हाला सात वर्षं झाली होती आणि त्या सात वर्षांत चार अपार्टमेंट्स. त्यानंतरच्या रविवारी बाबांनी एकाच जाहिरातीभोवती दोनदा गोल काढला. 'इंग्लिश कॉटेज, १९२७. लहान आणि देखणं.' गाव होतं लिंडन मिल्स, बारा मैलांवर.

छप्पर इतकं उतरतं होतं, की दाराशी उभं राहून बाबांचा हात पन्हाळीला लागत होता. दार वरून गोल. खिडक्यांना वहीच्या पानाएवढ्या काचा. दगडी धुराडं. आजूबाजूला मक्याची शेतं आणि लांबवर एक लाल कोठार.

"इंग्लंड न बघितलेल्या माणसाने बांधलेलं इंग्लंड," बाबा म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे बघितलंय?" आई म्हणाली.

आमच्याबरोबर सुलेखामावशी आली होती. ती सख्खी मावशी नव्हे, आईची इथली मैत्रीण, पुण्याची. दर रविवारी तिला आमच्याबरोबर घरं बघायला यायचं असायचं, कारण तिच्या नवऱ्याला घरं बघायचा कंटाळा होता. मावशी चांगली आहे, खूप हसवते. फक्त ती आमच्याकडे जेवायच्या वेळेला आली की तिचा नेमका उपास असतो. गुरुवारी, शनिवारी, एकदा तर बुधवारीसुद्धा.

२

एजंट मिसेस हार्पस्टर आतल्या खोल्या दाखवत होत्या. घर तीन वर्षं रिकामं होतं. मालक कुठेतरी दक्षिणेला राहत होता आणि फोनवरच बोलायचा. दोन बेडरूम, त्यातली एक छपराखाली. मी तिथे उभी राहिले आणि माझं टेबल कुठे ठेवायचं ते ठरवून टाकलं. मला कधीच स्वतःची खोली नव्हती. इथे खिडकी होती, आणि खिडकीत बसण्यापुरती फळी होती.

मग मी बाहेरून घराला चक्कर मारली. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या भिंतीत, माझ्या कमरेच्या उंचीवर एक छोटं लाकडी दार होतं. टपालपेटीएवढं. मी कडी काढली. आत कपाटासारखी चौकोनी जागा होती आणि तिच्या पलीकडच्या बाजूला तसंच दुसरं दार, बंद. मधे एक निळ्या काठाची प्लेट होती. तिच्यावर कापड झाकलं होतं. कापडाखाली ब्रेडच्या जाड चकत्या होत्या आणि त्या गरम होत्या.

मी आईला हाक मारली.

"अगं, ही यांची ट्रिक असते, नंदा," सुलेखामावशी म्हणाली. "घराला बेकिंगचा वास आला की गिऱ्हाईक खूश. मी वाचलंय. पण बाई, कुणी केलंय, कधी केलंय, मी नाही खाणार."

बाबांनी तोवर एक चकती तोंडात टाकली होती. "अक्रोड आहेत," ते म्हणाले. "फर्स्ट क्लास."

अक्रोड खाल्ला की माझे ओठ सुजतात, म्हणून मी नाही खाल्ला. मिसेस हार्पस्टर मागून आल्या, प्लेटकडे बघून म्हणाल्या, "ओह, हाऊ नाइस." मी हळूच विचारलं, हे दार कसलं. त्या म्हणाल्या, मिल्क डोअर. पूर्वी दूधवाला बाहेरून बाटल्या ठेवायचा आणि घरातली बाई आतून काढून घ्यायची. दोघांची भेट व्हायची गरज नाही.

"ब्रेड तुम्हीच घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मी डाएटवर आहे."

आईने प्लेट मांडीवर घेतली आणि गाडीत बसली. चकत्या अजून गरम होत्या. माझ्या मनात आलं, मिसेस हार्पस्टर आमच्यासमोरच आल्या होत्या, हातात फक्त किल्ल्या आणि कागद घेऊन. पण तेव्हा ते मी मनातच ठेवलं.

३

आमच्या घरी भांडं रिकामं परत जात नाही. आईचा नियम आहे. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. पुढच्या रविवारी त्या प्लेटबरोबर आईने शंकरपाळ्यांचा डबा भरला. डबा तिच्या लग्नातला, स्टीलचा, मोठा. अंगावर टिंब टिंब कोरलेली अक्षरं, 'नंदा गुरुनाथ गजभिये, नागपूर'.

"ठेवायचा कुठे? घराला तर कुलूप असणार," बाबा म्हणाले.

"जिथून प्लेट घेतली तिथे," आई म्हणाली.

ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी डबा आत सरकवला, वर प्लेट ठेवली. आजूबाजूला कुणी नव्हतं. का कोण जाणे, मी त्या बंद आतल्या फळीकडे बघून म्हणाले, "सॉरी, मी ब्रेड खाल्ला नाही. मला अक्रोड चालत नाहीत." मराठीतच म्हणाले. दारांशी बोलणं मला माणसांशी बोलण्यापेक्षा सोपं जातं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा ओपन हाउस होतं. बाबा आत नळ बघायला गेले आणि मी सरळ मागे गेले. डबा तिथेच होता, पण धुतलेला, पुसलेला, आणि आत ॲपल बटरची एक काचेची बाटली. सफरचंदाचा गर आटवून केलेला, तपकिरी, दाट. लेबल नाही. मी डबा उन्हात धरला. आईच्या नावाच्या टिंबांत वर्षानुवर्षांची काळी रेघ बसली होती. ती गेली होती. कुणीतरी टाचणीने एकेक टिंब कोरून काढावं तशी अक्षरं चमकत होती.

"खाल्ले वाटतं शंकरपाळे," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला, की मी टिंबांचं काही बोलले नाही.

मग मी आत गेले. मला बघायचं होतं की ते दार आतून कसं दिसतं.

स्वयंपाकघरात सगळ्या भिंतींवर बारीक निळ्या फुलांचा कागद होता, मागच्या भिंतीवरही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. मी कमरेच्या उंचीवर हात फिरवत गेले. फट नाही, उंचवटा नाही. बोटाने वाजवून बघितलं, सगळीकडे भरीव वाजलं.

"आतलं दार, हनी?" मिसेस हार्पस्टर म्हणाल्या. "ते तर मालकाच्या वडिलांनी विटा घालून बुजवलंय. खूप वर्षं झाली."

"आणि ब्रेड?"

"कुठला ब्रेड?" त्या म्हणाल्या. मग आठवून हसल्या. "तो तुम्ही लोकांनी आणलेला ना?"

सिंकपाशी बाबांनी नळ सोडला. नळातून फक्त हवा आली. "पाणी बंद आहे," मिसेस हार्पस्टर म्हणाल्या. "तीन वर्षं."

४

गाडीत मी आईबाबांना सगळं सांगितलं. विटा, कागद, नळ, टिंबं.

"म्हणजे शेजारी कुणीतरी आहे," बाबा म्हणाले. "बाहेरून ठेवतात, बाहेरून घेतात. सिंपल."

"शेजारी मका आहे, बाबा."

"मक्यापलीकडे माणसं असतील ना? यू थिंक टू मच."

त्यांचं म्हणणं बरोबर असू शकत होतं. मी ते वहीत लिहूनही ठेवलं. बाहेरून ठेवणं, बाहेरून घेणं यात अशक्य काही नाही. घर विकत घ्यायला कोण येतंय हे बघणारी एखादी म्हातारी बाई असेल. तिला आम्ही आवडलो असू.

घरी आल्यावर आईने पोळीला ॲपल बटर लावून बाबांना दिलं. मलाही दिलं. ते फार गोड नव्हतं. त्यात थोडी सुंठ होती.

"आई, पण तुला विचित्र नाही वाटत? कोण आहे ते माहीत नाही, आणि..."

आई पोळ्या लाटत होती. थांबली नाही. "आमच्या गावात आमच्या घरातलं भांडं कुणाकडे जात नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून परत यायचा प्रश्नच नव्हता. आजी लाडू करायची, छान करायची, आणि ते आम्हीच खायचो. शाळेत मी एकदा मैत्रिणीला दिला. तिने घेतला. हसून घेतला. मधल्या सुट्टीनंतर तो मला खिडकीच्या मागे सापडला. ठेवून दिलेला. चावलेलासुद्धा नाही."

तिने पोळी तव्यावर टाकली.

"इथे कुणीतरी खातंय. वर डबा घासून देतंय, माझं नाव चमकवून देतंय. समोर येत नसेल तर नसेल. तुझ्यासारखं लाजाळू असेल कुणी."

हे मला पटलं. खरं तर फारच पटलं. मी स्वतः असते तर असंच केलं असतं. त्या आठवड्यात शाळेत मी सारखा त्याच माणसाचा विचार करत होते, ज्याला समोर न येता ओळख करून घ्यायची होती.

बाबांनी बुधवारी बँकेला फोन केला.

५

धम्मचक्र प्रवर्तन दिन सोमवारी होता. आदल्या दिवशी, रविवारी, आईने खीर केली. आम्ही घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली, आणि मग आईने पहिली खीर त्या डब्यात काढली. आमच्या वाट्या नंतर भरल्या. त्या दिवशी ओपन हाउस नव्हतं, तरी बारा मैल गेलो आणि डबा ठेवून आलो.

वीस तारखेला बाबा तळघर बघायला आत उतरले आणि मी मागे गेले. कडी काढली. डब्याला हात लावला आणि मागे घेतला. डबा गरम होता. कडेला पाण्याचा एक थेंब होता, त्याला साबणाचा वास होता, आणि माझ्यासमोरच तो थेंब घसरत खाली आला.

डब्यात ॲपल बटरची दुसरी बाटली होती आणि तीन छोटे केक. दोन केकवर अक्रोडाची अर्धी फोड. तिसऱ्यावर काही नव्हतं.

मी तो केक हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. भीती वाटली का, असं कुणी विचारलं तर मला नक्की सांगता येणार नाही. पण कुणीतरी माझं बोलणं ऐकून घेतलं होतं, नीट लक्षात ठेवलं होतं. असं माझ्याबाबतीत फार वेळा होत नाही. मी स्वतःला समजावलं. तीन माणसं येताना कुणालाही दिसली असती. एका केकवरची फोड पडली असेल. मग मी डब्याच्या तळाशी बघितलं. फोड कुठे पडलेली नव्हती.

मी तो केक खाल्ला. चांगला होता.

परतताना बाबा म्हणाले, "तळघर कोरडं आहे. नेक्स्ट संडे साइन करून टाकू."

आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. "वरची खोली तुझी," ती म्हणाली. मी "आय नो" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला हसू आवरत नव्हतं.

६

सत्तावीस तारखेला आईने पुरणपोळ्या केल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा मिसेस हार्पस्टरनी ओट्यावर कागद मांडले होते. खिडकीतून ऊन येत होतं, निळ्या फुलांच्या भिंतीवर पडत होतं.

"जा, ठेवून ये," आई म्हणाली. "आणि सांग त्यांना, आता आम्हीच येतोय राहायला. म्हणावं, जेवायला या."

"कुणाला सांगू?"

"तुला जमेल तसं सांग."

मी घराला वळसा घालून मागे गेले. कडी काढली, डबा आत सरकवला. मग वाकून, आतल्या फळीकडे तोंड करून, आईने सांगितलं ते म्हणाले. माझा आवाज त्या लहान जागेत मोठा वाटला. मी थांबले. आणि मला कळायच्या आत माझाच हात पुढे गेला. मी आतल्या फळीवर दोनदा टकटक केलं.

आतून भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग नळाचं पाणी बंद झाल्याचा आवाज. म्हणजे तोवर ते वाहत होतं आणि मला ते ऐकू येत होतं, फक्त मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

फळी बोटभर उघडली.

मला स्वयंपाकघर दिसलं. तीच खिडकी, तेच ऊन, तीच निळी फुलं. पण बाबा नव्हते, आई नव्हती, मिसेस हार्पस्टर नव्हत्या. ओट्यावर कागद नव्हते. खोलीच्या मधोमध एक टेबल होतं आणि टेबलाला तीन खुर्च्या. एका खुर्चीवर चार घड्या घातलेली जुनी चादर होती. आईची पाठ दुखते, म्हणून ती अशीच चादर घेऊन बसते. फक्त आमच्या घरी. दुसऱ्यांकडे ती लाजते.

टेबलावर शंकरपाळे होते. ओळींनी मांडलेले, सगळे, कोपऱ्याला कोपरा लावून. एकही कमी नव्हता, असं मला वाटलं, कारण ओळी पूर्ण होत्या. त्यांच्यापुढे पांढऱ्या भांड्यात खीर होती. दोन आठवड्यांची. तिच्यावर पातळ साय धरली होती आणि सायीवर आईने घातलेली वेलचीची पूड होती तशी होती. साय कुठेही मोडलेली नव्हती. त्याच्यापुढे एक जागा रिकामी ठेवली होती. डब्याच्या आकाराची.

मग फटीच्या खालच्या कडेवर चार बोटं आली. कुणीतरी भिंतीला टेकून, खाली बसलेलं असावं, तशी खालून. बोटं ओली होती. पाण्यात खूप वेळ राहिल्यावर पडतात तशा सुरकुत्यांनी पांढरी झालेली, आणि एका नखाजवळ साबणाचा फेस. त्यांनी डब्याची कड चाचपली, आईच्या नावावरून एकदा हळूच फिरली, आणि फळी आणखी उघडून डबा आत ओढून घेतला. सांडू नये अशा काळजीने. फळी मात्र लावून घेतली नाही. मी बघावं म्हणून ती उघडी ठेवली होती, असं मला वाटलं. खुर्च्या थोड्या मागे ओढलेल्या होत्या. कुणी बसायला येणार असलं की ओढून ठेवतात तशा.

७

मी पुढच्या दाराने आत आले. बूट काढायचे राहिले. स्वयंपाकघरात बाबांच्या हातात पेन होतं, आणि मिसेस हार्पस्टर त्यांना कुठे सही करायची ते बोटाने दाखवत होत्या. भिंत सलग होती. आई त्या भिंतीला पाठ लावून उभी होती आणि हसत होती.

मी काय सांगणार होते? टेबल, बोटं, नळ? बाबा म्हणाले असते, यू थिंक टू मच. आणि वरची खोली माझी होती. खिडकीतली फळी माझी होती. मी काही बोलले नसते तर पुढच्या महिन्यात मी तिथे बसून अभ्यास केला असता.

"आई," मी म्हणाले. "त्यांनी खाल्लं नाहीये."

"काय?"

"काहीच नाही खाल्लं. ठेवून दिलंय."

आईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. तिने कोण, कुठे, काही विचारलं नाही. तिने फक्त विचारलं, "सगळं?"

"सगळं."

"खीरसुद्धा?"

मी मान हलवली. आई भिंतीपासून बाजूला झाली. भिंत ओली असावी तशी तिने पाठीवरून ओढणी झटकली, आणि ओट्यावरची पर्स उचलली.

"अहो, चला."

"अगं, साइन..."

"नको. मला हे घर नको."

"नंदा, यू लव्हड दिस हाउस! काल रात्री पडद्यांचा रंग कोण ठरवत होतं?"

"चला म्हणते ना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मिसेस हार्पस्टरकडे बघितलं, आणि पेनाचं टोपण लावलं. मिसेस हार्पस्टर आमच्यामागे गोल दारापर्यंत आल्या. त्या 'इज इट द प्राइस?' असं विचारत होत्या. आईने वळून त्यांना 'थँक यू' म्हटलं. फार व्यवस्थित म्हटलं.

अर्ध्या रस्त्यात बाबा म्हणाले, "डबा राहिला की."

आई म्हणाली, "राहू दे."

८

त्या संध्याकाळी आम्ही लवकर जेवलो. बाबा रागावले होते, म्हणून कमी बोलत होते. त्यांनी फ्रिजमधून ॲपल बटरची दुसरी बाटली काढली, पोळीच्या तुकड्याने तळ पुसून घेतला आणि तो तुकडा खाल्ला.

"संपलं," ते म्हणाले.

आईने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आम्ही दोघी एकच गोष्ट मोजत होतो. ब्रेड, पहिली बाटली, तीन केक, दुसरी बाटली. त्यांनी आमचं काही खाल्लं नव्हतं. आम्ही त्यांचं सगळं खाल्लं होतं.

नंतर मी बाटल्या घासल्या. आईने सांगितलं नव्हतं. लेबल नसलेल्या दोन काचेच्या बाटल्या. मी त्या पंचावर पालथ्या घातल्या आणि हात पुसताना माझी बोटं बघितली. मग पुन्हा बघितली नाहीत.

बाटल्या अजून ओट्यावर आहेत. आई त्या फेकत नाही आणि भरतही नाही. काल सुलेखामावशी आली होती. "नंदा, एवढ्या छान बाटल्या, लोणच्याला दे ना मला," म्हणाली. आई नको म्हणाली. मावशीला चहा दिला. मावशीने कप हातात धरला, बोलत राहिली, आणि जाताना तो भरलेला सिंकजवळ ठेवून गेली. आईने तो ओतून दिला. काल पहिल्यांदाच तिने तो लगेच घासला नाही.

मी शाळेतून आले की आधी अपार्टमेंटच्या दाराबाहेर बघते. पायपुसण्यावर, जिन्याच्या कडेला, टपालपेट्यांच्या खाली. बाबांना वाटतं मी पत्राची वाट बघते. मी वाट बघत नाही. मला फक्त आधी दिसायला हवं, आईच्या आधी.

आमचा डबा त्यांच्याकडे आहे. त्यावर आईचं पूर्ण नाव आहे, लख्ख घासलेलं. आणि त्यांनी आजवर एकही भांडं रिकामं परत केलेलं नाही.